शिवणाच्या दुकानातला मदरबोर्ड

मी मदरबोर्ड बोलतोय. दमलोय, म्हणून पडल्या पडल्याच बोलतो. उभं राहायचं म्हटलं तर मला धरायला आता पेटीही उरलेली नाही.

माझ्या नावात 'मदर' आहे, पण तुमच्या व्याकरणानं मला पुरुष करून टाकलंय. तो मदरबोर्ड. म्हणजे राबायचं आईसारखं आणि म्हणवून घ्यायचं 'तो'. असो. संगणक म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पडदा येतो, कीबोर्ड येतो, फार तर माऊस येतो. मी कोणाच्याच डोळ्यांपुढे येत नाही. पत्र्याच्या पेटीत, भिंतीला पाठ लावून मी जन्मभर उभा. अंगावर तांब्याच्या बारीक वाटा, आणि त्या वाटांवरून ज्याचं त्याला पोचवायचं, एवढंच माझं काम.

सगळं बिऱ्हाड माझ्या अंगाखांद्यावर. मधोमध प्रोसेसर. सारी आकडेमोड त्याची, पण डोकं इतकं तापट की त्यावर कायम पंखा धरावा लागतो. शेजारी रॅम. हातातलं काम ती समोर पसरून ठेवते आणि वीज गेली की सगळं विसरते. कालचं सोडा, आत्ताचंही तिला आठवत नाही. हार्ड डिस्कचं नेमकं उलटं. एकदा ठेवून घेतलं की वर्षानुवर्षं जपते, फक्त काढून देताना कुरकुरते. आणि कोपऱ्यात पॉवर सप्लाय. भिंतीतली दांडगी वीज घ्यायची आणि ज्याला जेवढी पचेल तेवढीच वाढायची, हे त्याचं काम. त्यानं हात आखडता घेतला की आम्ही सगळे उपाशी.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. हातमोजे घातलेली माणसं, झगझगीत दिवे, आणि अंगावर एकेक भाग डाग देऊन बसवला जाताना लागलेले चटके. पहिली नोकरी लागली ती प्रवासाची तिकिटं काढून देणाऱ्या कचेरीत. खिडकीच्या पलीकडे रांग, अलीकडे चष्मेवाले एक कारकून. माणूस वाईट नव्हता, पण रांगेच्या धाकानं त्यांचाही जीव घाबरा व्हायचा. मला जरा उशीर झाला की ते तेच बटण पुन्हा पुन्हा दाबत. एकच काम मागून येऊन पाठीवर आदळायचं, मला आणखी उशीर व्हायचा, की मग ते पडद्याला टपली मारायचे. पडद्याला मारून मी घाबरेन असं त्यांना का वाटायचं कोण जाणे. शेजाऱ्याला चापट मारून मला उठवण्यातला प्रकार.

तिथे मला कोणी बंद करत नसे. सुट्टीच्या दिवशीही नाही. 'चालू असू दे, उद्या पुन्हा कोण वाट बघत बसणार,' असं म्हणायचे. माझी झीज तिथूनच सुरू झाली. एके दिवशी नवी, चपटी, चकचकीत यंत्रं आली आणि आम्हा जुन्यांची रवानगी मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत झाली. तिथे किती काळ गेला, सांगता येणार नाही. वीज नसली की आम्हाला काळ कळत नाही. खोटं कशाला बोलू, तेवढाच काय तो विसावा.

जाग आली तेव्हा एक मुलगी रुंद ब्रशनं माझ्यावरची धूळ झाडत होती. केस मागे घट्ट बांधलेले, दातांत स्क्रू धरलेला, बोटांवर डाग. तिचं संगणक दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं. कचेरीनं काढून टाकलेला माल तिनं आणला होता आणि त्यातून चांगलं तेवढं निवडत होती. प्रोसेसर माझाच राहिला. रॅम दुसऱ्या एका यंत्राची. हार्ड डिस्क एका लग्नांचे फोटो काढणाऱ्याकडची. ती पुढेही झोपेत हारतुऱ्यांचं बडबडायची. पॉवर सप्लाय तेवढा नवा. अशी सगळी सांधून जोडून तिनं मोट बांधली. पेटीच्या डाव्या बाजूचा पत्रा वाकलेला होता, तो लावलाच नाही. त्यामुळे एरवी जाळीच्या फटीतून पुसटसं दिसायचं ते बाहेरचं आता मला लख्ख दिसायला लागलं. हे सगळं ती कोणासाठी करतेय ते मला पुढे कळलं. आईसाठी.

तिची आई शिवणकाम करायची. सगळी गल्ली त्यांना 'बाई' म्हणायची, आणि पाठीमागे 'भोंगा'. बाईंचा आवाज दोन चौक ओलांडून जायचा. कपडा आणणाऱ्याला आधी चार शब्द ऐकवल्याशिवाय त्या टेप हातात घेत नसत. 'पोट आत ओढून माप देऊ नका, कपडा घातल्यावर ओढून धरणार आहात का,' हे त्यांचं नेहमीचं. माणसं हसत ऐकून घ्यायची, कारण बाईंनी शिवलेली बाही कधी खांद्यावरून ओघळली नाही. दुकानात त्यांच्याबरोबर त्यांचे यजमान असायचे. काज-बटणं, इस्त्री, दुमड घालणं हे त्यांचं काम. बोलणं फक्त 'हूं'. म्हणून ते हूंकाका. काय हूंकाका, पाऊसपाणी कसं? हूं. जेवण झालं? हूं. बायको एवढी बोलते म्हटल्यावर बिचाऱ्याला तोंड उघडायला फुरसत कुठली, असं लोक म्हणायचे.

मुलीनं शिकून दुकान सांभाळावं ही बाईंची इच्छा. मुलीचा ओढा स्क्रू ड्रायव्हरकडे. लहानपणी तिनं शिवणयंत्र खोलून टाकलं, तेव्हा बाईंना वाटलं होतं की पोरगी यंत्रात रमली, आता दुकान चालवेल. पण ती रमली ती खोलण्यात, शिवण्यात नाही. मोठी झाल्यावर तिनं स्वतःचं दुकान टाकायचं ठरवलं, त्या दिवशी गिऱ्हाइकांसमोर बाई म्हणाल्या होत्या, "कापडाला हात लावायचा नसेल, तर या दाराला तरी कशाला लावतेस?" बोलल्या आणि पुढच्या कपड्याकडे वळल्या. त्यांच्या लेखी ते तिथेच संपलं होतं. मुलीच्या लेखी नाही. ती यायची बंद झाली. आलीच तर उंबऱ्याशी उभी राहून वडिलांच्या हातात काहीबाही देऊन जायची.

मग बाईंच्या घशाला आजार झाला. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. गळ्याला भोक पडलं, त्यातूनच श्वास घ्यायचा. त्यावर बांधायला मऊ कापडाच्या पट्ट्या बाईंनी स्वतःच शिवल्या, कडेला नाजूक शिलाई घालून. दुकान उघडलं, यंत्र फिरू लागलं, पण आवाज गेला तो गेलाच. बाई टाळी वाजवून बोलवायच्या, कात्री टेबलावर आपटून रागवायच्या. गिऱ्हाईक गोंधळायचं. काका मध्येच 'हूं' म्हणायचे, त्यानं गोंधळ वाढायचा. निम्मी माणसं दुसरीकडे जाऊ लागली.

अशा वेळी मुलगी मला घेऊन त्या दारात उभी राहिली. उंबरा ओलांडावा की नाही, हे तिला ठरवताच आलं नसतं. पण मी जड होतो आणि हात भरून आले होते, म्हणून ती तशीच आत आली.

कापायच्या टेबलाच्या टोकाला तिनं मला ठेवलं. कीबोर्डावर मराठी अक्षरांचे छोटे कागद चिकटवलेले होते. दाबलं की अक्षर पडद्यावर उमटे, आणि ओळ पुरी झाली की शेजारच्या स्पीकरमधून एक परकी बाई ती वाचून दाखवी. बाईंनी पाठ फिरवली आणि यंत्रावर बसल्या. मुलगी मग वडिलांनाच समजावू लागली.

"बाबा, हे आपल्या दुकानासारखंच आहे. हा प्रोसेसर म्हणजे कात्री चालवणारा हात. ही रॅम म्हणजे कापायचं टेबल. टेबल मोठं, तेवढं कापड एकदम पसरता येतं, आणि संध्याकाळी सगळं रिकामं. ही हार्ड डिस्क म्हणजे कपाट. आणि हा पॉवर सप्लाय म्हणजे शिलाई यंत्राची मोटर."

काकांनी माझ्याकडे बोट केलं.

"हा मदरबोर्ड. ही दुकानाची जागा समजा. जागा आहे म्हणून टेबल आहे, कपाट आहे."

बाईंची पाठ आमच्याकडेच होती. पण पायाखालचं पायडल थांबलं होतं, म्हणजे कान इकडे होते. मुलीनं काहीतरी लिहून स्पीकर लावला. 'नमस्कार, आपलं स्वागत आहे,' असं ती परकी बाई बोलली, स्टेशनवर गाडीची घोषणा करावी तशा सपाट आवाजात. बाई उठल्या, अस्तराचं कापड माझ्यावर टाकलं आणि पुन्हा जाऊन बसल्या. मी चालूच होतो. त्या कापडाखाली प्रोसेसर असा तापला की पंखा जीव तोडून घरघरू लागला. मुलीनं कापड काढलं, मला बंद केलं आणि निघून गेली. दारापर्यंत काका गेले. त्यांचे ओठ हलले, पण बाहेर काही आलं नाही.

मला वाटलं, झालं, पुन्हा मोडक्या खुर्च्या.

पण दुपारी जेवणानंतर बाई आत आडव्या झाल्या की काका हळूच यायचे. आधी नुसते पुढ्यात बसायचे. मग एक दिवस बटण दाबलं. एका बोटानं, बटणाला काज करताना जसं मोजून मापून टोचतात तसं, त्यांनी एकेक अक्षर दाबलं. 'दोरा संपला.' स्पीकर बोलला. काकांनी दचकून मागे वळून पाहिलं, जणू दुकानात कोणीतरी आलंय. मग पुन्हा तेच दाबलं. मग, 'आज उकडतंय.' मग, 'बाही डावी आहे, उजवी नाही.' साधी साधी वाक्यं, दुकानात जी रोज बोलायला हवीत आणि त्यांनी कधीच बोललेली नव्हती. त्यांच्या त्या बोटाइतकं धिमं बोट मला आजवर भेटलं नव्हतं. तिकिटांच्या कचेरीनंतर कोणी घाई न करता काम सांगतंय हेच मला नवं होतं.

काका लहानपणापासून तोतरे होते. शब्द जिभेवर यायचा आणि तिथेच अडून बसायचा. शाळेत हसले, पंगतीत हसले, नोकरीच्या ठिकाणी हसले. एक 'हूं' तेवढा कधी अडकत नसे, म्हणून ते त्यातच राहायला गेले. आणि बाई लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून त्यांच्या वाटचं बोलत आल्या. समोरच्यानं विचारलं आणि काकांनी श्वास आत घेतला, की लोकांना हसायला सवड मिळायच्या आत बाई उत्तर देऊन मोकळ्या. गल्ली ज्याला भोंगा म्हणायची त्यातला अर्धा आवाज यांच्यासाठी होता. हे गल्लीला ठाऊक नव्हतं. मलाही काकांच्या बोटांतूनच कळलं. एका दुपारी त्यांनी ते लिहिलं, स्पीकरला वाचू दिलं नाही, आणि पुसून टाकलं.

पुढे एकदा काय झालं, बाई आत झोपलेल्या आणि इकडे काकांनी स्पीकरचा आवाज जरा मोठाच ठेवला. 'अहो, चहा ठेवू का?' ती परकी बाई खणखणीत बोलली. आतून धडपडल्याचा आवाज आला. बाई पदर सावरत बाहेर धावल्या. आपल्या घरात, भर दुपारी, आपल्या नवऱ्याला चहा विचारणारी ही कोण, ते बघायला. पाहतात तो काका एक बोट वर धरून बसलेले, चोरी पकडलेल्या मुलासारखे. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलू लागले. हसण्याला आवाज नव्हता, पण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या. काकांना बाजूला सारून त्या खुर्चीवर बसल्या आणि शोधत शोधत त्यांनी आपलं पहिलं वाक्य लिहिलं.

"हे मी तुम्हाला विचारायचं असतं. पण ठेवा. आणि तिला जरा बारीक आवाजात बोलायला सांगा."

त्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. एका कीबोर्डावर दोघं. बाई भराभर शिकल्या आणि पूर्वीच्याच तोऱ्यात बोलू लागल्या. 'पोट आत ओढू नका' हे वाक्य त्यांनी कायमचंच लिहून ठेवलं होतं, एक बटण दाबलं की हजर. त्या सपाट आवाजात ते ऐकताना लोकांना जास्तच हसू येई. गिऱ्हाईक परतलं. काका आपली पाळी धरून बसायचे आणि मिळाली की सोडायचे नाहीत. बोलून घ्यायची त्यांना भूक लागली होती. हवा कशी आहे, इस्त्रीला कोळसा बरा की वीज, अमक्याच्या कोटाचं अस्तर कसं चुकलं. मी तापायचो. कापडाची तूस हवेत तरंगायची आणि पंख्याच्या पात्यांवर बसायची. पंखा दमायचा, प्रोसेसर चिडायचा, आणि सगळ्यांचं ओझं अखेर माझ्या पाठीवर.

पंखा साफ करायला मुलगी येऊ लागली. आता ती उंबऱ्याशी थांबत नसे, तिला थांबून चालणारच नव्हतं. ती पंखा उतरवायची, ब्रशनं तूस काढायची. बाई शेजारी शिवत बसायच्या. बोलणं होत नसे. एकदा मुलीनं पात्यांवरचा तुसाचा गोळा काढून दाखवला. बाईंनी तो हातात घेतला. आपल्या गळ्यावरच्या पट्टीला बोट लावलं. मग कीबोर्ड ओढून विचारलं, "हा श्वास कुठून घेतो?"

मुलीनं पेटीची पुढची जाळी दाखवली. बाईंनी टेप काढला, जाळीचं माप घेतलं आणि झिरझिरीत कापडाचा एक चौकोन शिवला, कडेला नाजूक शिलाई घालून, अगदी त्यांच्या पट्टीसारखा. मुलीनं तो जाळीवर बसवला. उघड्या बाजूनं तूस येतच राहणार आणि जाळीतून हवाही कमी होणार, हे तिला ठाऊक असणार. ती बोलली नाही. मीही तक्रार केली नाही. ती निघताना स्पीकर बोलला, "मागचा स्क्रू सैल आहे. कामात ढिलाई चालत नाही. पुढच्या वेळी जेवायच्या वेळेला ये." मुलगी परत आली, स्क्रू आवळला, आणि बराच वेळ तिथेच खाली बसून राहिली. स्क्रू आवळायला इतका वेळ लागत नाही.

असं सगळं चाललं असताना काकांचे थोरले भाऊ आले. त्यांना सगळे दादा म्हणत. घर वडिलांनी ठेवलेलं: वरचा मजला दादांचा, खाली रस्त्याकडची दुकानाची खोली काकांची. दादांच्या मुलाला औषधांचं दुकान काढायचं होतं आणि त्याला ती खोली हवी होती. दादा दुष्ट नव्हते. मनापासून सांगत होते की आता दोघांनी आराम करावा, शिवण बंद करावं, मागच्या खोलीत राहावं, दोन वेळचं ताट वरून येईल. "या अशा तब्येतीत कशाला ही दगदग? यंत्राकडून बोलवून दुकान चालतं का कधी? मी ठरवलंय. रविवारी आपल्या मामांना घेऊन येतो, त्यांच्यासमोर नक्की करून टाकू. काय?"

"हूं," काका म्हणाले.

दादा निघून गेले. बाईंनी कात्री अशी आपटली की माझ्यावरची रॅम थरथरली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की जन्मभर हेच झालं होतं. दादा ठरवायचे, काका 'हूं' म्हणायचे, आणि दादा तो होकार समजून पुढे जायचे. आडवं यायच्या त्या फक्त बाई. आता त्याही गप्प झाल्या होत्या.

काकांनी मग आठवडाभर माझ्यापुढे ठाण मांडलं. दादांना काय सांगायचं ते लिहायचं, ऐकायचं, खोडायचं. बाई मागून वाचायच्या आणि हात घालून एखादं झणझणीत वाक्य घुसडायच्या. काका ते काढायचे. बाई पुन्हा घालायच्या. 'तुमच्या मुलाला औषधं विकायची आहेत तर आधी स्वतःच्या लोभाला औषध द्या,' हे वाक्य इतक्या वेळा आत-बाहेर गेलं की हार्ड डिस्क कंटाळली. शेवटी काकांनी ते काढलं आणि कीबोर्ड उचलून मांडीवर घेऊन बसले. बाई तोंड फिरवून बसल्या, पण गालातल्या गालात हसत होत्या.

रविवारची दुपार. हवा तापलेली, दुकानाचं दार अर्धं ओढलेलं. दादा आणि मामा खुर्च्यांवर, बाई आपल्या यंत्रापाशी, काका माझ्याजवळ. मुलगी सगळ्यांना चहा देऊन भिंतीशी उभी राहिली. माझी तब्येत सकाळपासूनच ठीक नव्हती. अंगावरचे कपॅसिटर, म्हणजे वीज थोडी साठवून सारखी पुरवणारे छोटे डबे, फुगायला लागले होते. पंखा फिरत होता, पण वारा लागत नव्हता. निभावून नेऊ असं वाटलं. जन्मभर निभावूनच नेलं होतं.

काकांनी बटण दाबलं. स्पीकर बोलू लागला. "दादा, मामा, मला आज बोलायचं आहे. वडिलांनी वरचं घर दादाला दिलं, खालची खोली मला दिली. या खोलीत आम्ही दोघांनी संसार केला. आम्ही दमलो आहोत, पण काम सोडायचं आहे असं आम्ही कोणाला म्हटलेलं नाही. ही खोली मी दे..."

आणि माझा दम संपला. वीज एकसारखी पोचेना, प्रोसेसर जागच्या जागी गोठला. पडदा थिजला. तोंडातला शब्द मात्र स्पीकरमध्ये तसाच फिरत राहिला. दे दे दे दे दे दे दे.

मामा फिस्सकन हसले. वाईट मनानं नव्हे. हसू आलं आणि सुटलं. पण तो आवाज काकांनी लहानपणापासून ऐकलेला होता. मुलगी पुढे आली तशी त्यांनी हात वर करून तिला थांबवलं आणि स्वतःच भिंतीतली वायर उपटली. पंखा घरघरत थांबला.

त्यानंतरचं मला कसं ठाऊक, असं विचाराल. वीज गेल्यावरही माझ्या अंगात थोडी धुगधुगी राहते, आणि बाकीचं मुलीनं पुढे दुरुस्तीच्या टेबलावर तिच्या मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ऐकलं.

दादा समजुतीच्या सुरात म्हणाले, "असू दे रे. कशाला एवढा त्रास करून घेतोस? मला कळलं काय म्हणायचंय ते. तू नुसतं हूं म्हण, झालं."

काकांनी श्वास आत घेतला. ओठ उघडले. शब्द येईना. मान ताठ झाली, गळ्याची शीर फुगली. बाई नेहमीच्या सवयीनं पुढे झुकल्या, त्यांच्या ओठांनी तो शब्द तयारही केला, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला आवाज नाही. त्यांनी ओठ मिटले. दादांकडचं तोंड वळवलं आणि काकांकडे पाहत बसल्या. हात मांडीवर. घाई नाही, खूण नाही. त्या बसून राहिल्या म्हणून मामाही बसून राहिले. मामा बसले म्हणून दादांनाही बसावं लागलं.

"दे... दे..." काका म्हणाले. "दे... देणार नाही."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. चहावर साय धरली.

"हू... हूं म्हणजे... हो... न... नव्हतं, दादा. क... कधीच."

दादांनी मामांकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, आणि त्यांचा आवाजही आता पूर्वीसारखा भरलेला नव्हता, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

याला सर्वांत जास्त वेळ लागला. काका टेबलाची कड धरून उभे होते. कपाळावरून घाम निथळत होता. कोणी मध्ये बोललं नाही, आणि एरवी बोलली असती ती एकच व्यक्ती आता तिथे नुसती वाट पाहत बसली होती.

"तू," काका म्हणाले, "थ... थांबला... नाहीस."

दादांनी गार झालेला चहा पिऊन टाकला. कप खाली ठेवला. मामांना म्हणाले, चला. जाताना दारात जरा थबकले. खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढे दादांची एक विजार दुमड घालायला खाली आली, मुलाच्या हातून. बाईंनी ती नेहमीपेक्षा लवकर करून दिली आणि निरोप पाठवला की कमरेला सैल करायची वेळ आली आहे.

मुलीनं मला उचलून तिच्या दुकानात नेलं. फुगलेले कपॅसिटर काढले, नवे डाग देऊन बसवले. मी पुन्हा चालू लागलो, पण तो जोर राहिला नाही. शिवणाच्या दुकानात परत गेल्यावर मला जाणवलं की काम निम्म्यानं कमी झालंय. काका आता कीबोर्डापाशी क्वचित यायचे. गिऱ्हाईक आलं की स्वतःच बोलायचे. अडायचे, थांबायचे, पुन्हा सुरू करायचे. कोणी अधीर होऊन त्यांचा शब्द पुरा करू गेलं की बाईंची कात्री टेबलावर आपटे. एखाद्या बाहीचं माप सांगायला वेळ लागायचा, पण माप चुकायचं नाही. बाईंसाठी मुलीनं पुढे छोटा फोन आणला, त्यातच आवाज. खिशात मावणारा. माझी गरज संपली, हे मला कोणी सांगायला नको होतं.

आता मी मुलीच्या दुकानात, खिडकीखाली पडलोय. रॅम एका शाळेच्या संगणकात गेली; तिथे रोज नवं शिकेल आणि रोज विसरेल, तिला काय. पंखा मोडीत गेला. प्रोसेसर काढताना मला हलकं वाटलं आणि पोरकंही. हार्ड डिस्क पुसून ठेवली आहे, ती गप्प आहे. मी एकटाच अंगावरच्या रिकाम्या जागा मोजत बसतो. माझ्यात तांबं आहे, नखाएवढं सोनं आहे असं म्हणतात, आणि थोडं विषही आहे. एवढंच सांगतो: माझ्यासारख्याला उघड्यावर जाळू नका. तांब्यासाठी आम्हाला पेटवणारे लोक तो धूर स्वतःच्याच छातीत घेतात. जे नीट सुटं करतात त्यांच्या हाती द्या. जन्मभर राबलेल्याचा शेवटी धूर करून टाकू नये.

आज अशाच नीट सुटं करणाऱ्यांची गाडी यायची होती, म्हणून बाई आणि काका इथे आले होते. काकांनी मला दोन्ही हातांत घेतलं. धूळ पुसली. मला भिंतीवर चौकटीत लावून ठेवावं असं त्यांचं म्हणणं होतं. ते सांगायला त्यांना वेळ लागला आणि बाईंनी तो दिला. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी फोनवर बोट फिरवलं.

"लटकवता कशाला? दमलाय तो. काम झाल्यावर माणसालासुद्धा निजू द्यावं."

काकांनी जरा विचार केला. मग मला गोणीत ठेवलं, टाकलं नाही, ठेवलं. खाली त्यांनी दुकानातून आणलेल्या चिंध्या अंथरल्या होत्या. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. मुलीनं गोणीचं तोंड बांधायला घेतलंय. बांध, पोरी. नीट बांध. मी तयार आहे.